बांगलादेश : राजनैतिक मान्यता आणि आर्थिक मदत (१९७१–७५)

एखाद्या नव्या राष्ट्राचे अस्तित्व इतर राष्ट्रांनी अधिकृतपणे स्वीकारणे म्हणजे राजनैतिक मान्यता. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारानुसार राष्ट्र ठरायला कायम लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, सरकार आणि परराष्ट्रसंबंध ठेवण्याची क्षमता एवढे पुरते. दुसऱ्यांच्या होकाराची अट त्यात नाही. व्यवहारात मात्र होकारावाचून कर्ज अडते, सदस्यत्व अडते. १९७१ मध्ये पाकिस्तानातून फुटून निघालेल्या बांगलादेशाला सगळे महत्त्वाचे होकार मिळायला जवळपास चार वर्षे लागली.

१७ एप्रिल १९७१ रोजी मेहेरपूरजवळच्या आमराईत बांगलादेशाच्या हंगामी सरकारने शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी कोलकात्यातील पाकिस्तानचे उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी कचेरीवरचा झेंडा उतरवून बांगलादेशाचा चढवला आणि परदेशातली पहिली वकिलात आयतीच उभी राहिली. भारताने निर्वासितांना आसरा दिला, मुक्तिवाहिनी या बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेला शस्त्रे दिली, पण मान्यता हातची राखली. ती मिळाली ६ डिसेंबरला, भारत-पाकिस्तान युद्धाला तोंड फुटल्यावर. भूताननेही त्याच दिवशी मान्यता दिली. त्याची तार भारताच्या काही तास आधी पोहोचली, असे बांगलादेश मानतो.

पुढच्या जानेवारीत पूर्व जर्मनी आणि सोव्हिएत संघ, ४ फेब्रुवारीला ब्रिटन, तर ४ एप्रिलला अमेरिका. ब्रिटन मान्यता देणार हे दिसताच पाकिस्तान राष्ट्रकुलातून बाहेर पडला. खरी अडवणूक संयुक्त राष्ट्रांत झाली. पाकिस्तानचे सुमारे ९३,००० युद्धकैदी भारतात असताना, २५ ऑगस्ट १९७२ रोजी पाकिस्तानचा मित्र असलेल्या चीनने आपला पहिला नकाराधिकार बांगलादेशाच्या सदस्यत्वाविरुद्ध वापरला. फेब्रुवारी १९७४ मध्ये लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेच्या वेळी पाकिस्ताननेच मान्यता दिल्यावर ही गाठ सुटली आणि १७ सप्टेंबर १९७४ रोजी सदस्यत्व मिळाले. सौदी अरेबिया आणि चीन यांनी मान्यता दिली ती ऑगस्ट १९७५ मध्ये, बांगलादेशाचे संस्थापक नेते शेख मुजीब यांच्या हत्येनंतर.

मदतीचे स्वरूप देणाऱ्यागणिक वेगळे होते. सोव्हिएत नौदलाने चितगाव बंदरातले सुरुंग आणि बुडालेली जहाजे काढली. पद्मेवरच्या हार्डिंज पुलाची दुरुस्ती भारतीय रेल्वेच्या साहाय्याने होऊन ऑक्टोबर १९७२ मध्ये गाड्या सुरू झाल्या. ४ मार्च १९७२ रोजी चलनात आलेल्या, देशाचा नकाशा असलेल्या १ आणि १०० टाकांच्या पहिल्या नोटा तर नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या होत्या. मैत्रीची ही खूण फार टिकली नाही. बनावट नोटांच्या संशयावरून त्या लवकरच मागे घेण्यात आल्या.

अमेरिकेच्या धान्याला मात्र कायद्याचा लगाम होता. क्यूबाशी व्यापार करणाऱ्या देशाला सवलतीचे धान्य देण्यास त्या कायद्याने मनाई होती, आणि बांगलादेशाने क्यूबाला सुमारे ४० लाख तागाची पोती विकली होती. १९७४ मध्ये पूर आणि भाववाढ यांनी खेडी उपाशी असताना ही मदत रोखली गेली. क्यूबाला ताग पाठवणे बंद केल्यावर धान्याची वाट मोकळी झाली; जहाजे लागेपर्यंत दुष्काळ ओसरत आला होता.