देहूच्या संडासांची मुळे कणकवलीत

देहूच्या डॉ. सुहास विठ्ठल मापुसकरांना 2017 साली पद्मश्री जाहीर झाली, तीही मरणोत्तर. ते 2015 मध्येच गेले होते. गावाला संडास बांधायला लावणारे डॉक्टर, अशी त्यांची ओळख झाली. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. संडासाच्या चार भिंती कोणताही गवंडी बांधतो. जमिनीखाली मैल्याचे काय होते, हा मापुसकरांचा विषय होता आणि त्याचे धागे कोकणात जातात.

कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (1894–1971) यांचे नाव अनेक घरांत आहे, फक्त ते वाचले जात नाही: गांधीजींच्या आत्मकथेच्या मराठी अनुवादावर ते छापलेले असते. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितले. सवर्ण कैद्याला ते देता येत नाही, असे उत्तर आले. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळले तेव्हा डिसेंबरात त्यांनीही सहानुभूतीचा उपवास सुरू केला आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर तो सोडला. जातीने एकाच्या डोक्यावर लादलेले काम दुसऱ्याने मागून घेतले, तर तुरुंगाचे नियमही गोंधळतात, हे त्या निमित्ताने दिसले.

पण एका माणसाने मैल्याची बादली उचलली म्हणून बादली नाहीशी होत नाही. मला वाटते, अप्पासाहेबांचे मोठेपण पुढच्या पायरीत आहे. 1948 मध्ये कणकवलीजवळ वागदे इथे त्यांनी गोपुरी आश्रम सुरू केला. मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे काम, खत आणि संडास, म्हणजे ज्या ज्या गोष्टींना लोक नाक मुरडत, त्या सगळ्या तिथे रोजच्या कामात आल्या. मैला माती आणि पालापाचोळ्याखाली झाकून कुजवला की त्याचे सोनखत होते, हे शेतकऱ्याला नवे नव्हते. कोकणातल्या धुपून गेलेल्या जमिनीला खत हवेच होते. प्रश्न एवढाच होता की ताज्या मैल्याला कुणाचा हात न लागता तो कुजायचा कसा. त्याचे उत्तर म्हणजे कमी खर्चाचा, गावच्या कारागिराला बांधता येईल असा संडास.

मापुसकर 1960 च्या सुमारास सरकारी डॉक्टर म्हणून देहूत आले. तुकोबांचे गाव, शेजारी इंद्रायणी, वारीला माणसांचा पूर आणि गाव परसाकडे उघड्यावर जाणारे. अशा गावच्या दवाखान्यातले रोग ठरलेलेच: हगवण, विषमज्वर, कावीळ, जंत. अंकुशकृमीचे उदाहरण घ्या. त्याची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, तिथे अळ्या होतात आणि त्या अनवाणी तळव्याच्या कातडीतून शरीरात शिरतात. पुढे आतड्याला चिकटून कृमी रक्त पीत राहतात आणि माणूस पांढराफटक पडतो. डॉक्टर औषध देतो, जंत पडतात, आणि रोगी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्याच शेतात जातो. असल्या गावात औषधाची बाटली कितीही वेळा भरली तरी हिशेब तिथेच राहतो.

बाहेरच्या नमुन्यावरून त्यांनी बांधवलेले पहिले काही संडास पावसात खचले. गावाचा विश्वास बसायच्या आतच उडाला, आणि माझ्या मते या कथेतला हाच सगळ्यात कठीण काळ असावा. त्यानंतर मापुसकरांना अप्पासाहेबांचे काम भेटले. त्या वळणावर त्यांनी 'सोपा संडास' देहूत आणला आणि मग घरामागून घरी संडास उभे राहत गेले.

या जातीच्या संडासाची युक्ती दोन खड्ड्यांत आहे. भांडे उताराचे, त्यामुळे तांब्या-दोन तांब्यांत साफ होणारे, आणि नळीत थोडे पाणी अडलेले, म्हणजे वास आणि माश्या वर येत नाहीत. मैला एका खड्ड्यात जातो. खड्ड्याचा तळ मातीचा आणि बाजू जाळीदार, त्यामुळे पाणी जमिनीत मुरते. तो भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे. वर्ष-दीड वर्षात पहिल्यातले सारे कोरडे, बिनवासाचे खत होते आणि घरचा माणूसच ते फावड्याने काढू शकतो. विहीर जवळ नको आणि भूजल फार वर नको, एवढी पथ्ये मात्र पाळावी लागतात.

पुढची पायरी 'मलप्रभा' ही. संडास थेट गॅसच्या टाकीला जोडायचा, मैल्यापासून मिथेन काढायचा आणि तो चुलीवर वापरायचा. कल्पनेची सुरुवात अप्पासाहेबांकडून, मापुसकरांनी ती सुधारून घरगुती वापरात आणली. देहूत त्यांनी चालवलेल्या संस्थेचे नाव 'अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन' होते, यावरून गुरू कोण मानला हे स्पष्टच आहे.

राज्यात 2000 साली गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघाले, 2014 मध्ये स्वच्छ भारत आले आणि संडास मोजले जाऊ लागले. मोजणीत भिंत आणि दार दिसते. खड्डा एक की दोन, पक्का की मुरणारा, हे दिसत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी लोक ऐपतीप्रमाणे मोठी सेप्टिक टाकी बांधतात, तिचे पाणी गटारात सोडतात आणि गाळ उपसायला पुन्हा कुणाला तरी बोलावतात. अप्पासाहेबांनी ज्या बादलीशी भांडण मांडले होते, ती टँकरच्या रूपाने परतते.

देहूला आता नगरपंचायत आहे. परसदार असलेल्या घराला दोन खड्डे पुरतात. मजल्यावर मजले चढलेल्या इमारतीला नाही. पुढे आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याचा आहे आणि तो घरगुती खड्ड्यांनी थांबणारा नाही. मापुसकरांची पद्धत घर धरून चालते, ही तिची ताकद आणि हद्दही. इमारतींच्या आणि सार्वजनिक संडासांच्या मैल्यावर मोठी गॅसटाकी चालू शकते, पण तिला जागा लागते आणि देखभालीला कायमचा माणूस लागतो, तेव्हा तो विषय नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकाचा होतो.