स्थळ-छायाचित्रण, पश्चिम भारतातील

ऐतिहासिक वास्तू व निसर्गरम्य ठिकाणे यांच्या जागी जाऊन, तेथे हिंडून कॅमेऱ्याने चित्रे घेण्याचा परिपाठ. पुरातत्त्वीय नोंदीसाठीचे छायाचित्रण आणि हौशी भटक्यांचे छायाचित्रण असे दोन प्रकार मानण्याची पद्धत आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्याचा विचार केला असून तेथे निदान आरंभीच्या काळात हा भेद फारसा टिकत नाही.

फ्रेंच संशोधक दागेअर याची छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाल्यानंतर तिची साधने लवकरच भारतात आली. मुंबई इलाख्यातील आरंभ मात्र दोन प्रकारे सांगितला जातो. सरकारी कागदपत्रांवर भर देणारे तो १८५५ पासून धरतात. चित्रकारांकडून रेखाटने करून घेण्यापेक्षा कॅमेरा स्वस्त व बिनचूक पडेल, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचे मत त्या सुमारास झाले होते. त्यानुसार मुंबई तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज याच्याकडे विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंचे काम सोपविण्यात आले. दुसरे मत १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या छायाचित्रण संस्थेपासून आरंभ मोजते. डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते. बिग्ज स्वतः मूळचा हौशीच असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. हौसेने शिकलेली कला सरकारने कामाला लावली, इतकेच.

बिग्जला लवकरच पलटणीत परतावे लागले व १८५५ च्या अखेरीच्या सुमारास डॉ. पिगू याने त्याची जागा घेतली. त्यांची चित्रे १८६६ मध्ये लंडनहून ग्रंथरूपाने निघाली. धारवाड-म्हैसूरवरील खंडात पिगू, नील व बिग्ज या तिघांची नावे एकत्र येतात, त्यामुळे केवळ शीर्षकपृष्ठावरून एखाद्या चित्राचे कर्तृत्व ठरविणे धोक्याचे आहे. विजापूरच्या खंडात तर प्रत्यक्ष स्थळी घेतलेल्या चित्रांबरोबर जुन्या रेखाटनांची छायाचित्रेही आहेत. ‘विजापूरचे छायाचित्र’ म्हणून समोर आलेले प्रत्येक चित्र इमारतीसमोर उभे राहून घेतलेले असेलच, असे नाही.

बिग्जने कागदी ऋणचित्रे (निगेटिव्ह) वापरली. कागद आधी तयार करून प्रवासात नेता येई, पण त्याच्या धाग्यांमुळे बारीक कोरीवकाम मऊ उमटे. आर्चरच्या ओल्या कलोडियन (काचेवर चिकट रासायनिक द्रवाचा लेप देण्याच्या) पद्धतीने (१८५१) काचेवर रेखीवपणा आला, परंतु काच ओली असतानाच, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, उद्भासन (काचेवर प्रकाश पाडणे) व विकासन (रसायनांनी चित्र उमटविणे) उरकावे लागे. त्यामुळे काळोखा तंबू, रसायने, काचांच्या पेट्या व भरपूर पाणी एवढे सगळे लेण्याच्या तोंडापर्यंत चढवावे लागे. हे लेप निळ्या प्रकाशालाच विशेष संवेदनशील होते. आकाश पांढरेफटक येई आणि तांबडे-पिवळे रंग काळवंडत. अजिंठ्याच्या गेरूप्रधान भित्तिचित्रांना ही पद्धत मुळातच प्रतिकूल होती.

अजिंठ्यास मेजर रॉबर्ट गिल १८४० च्या दशकाच्या मध्यापासून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवीत होता. त्यांपैकी बहुतेक लंडनजवळील सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये जळाल्या. गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला. त्याची स्टिरिओ (जोडचित्रांतून खोलीचा भास देणारी) चित्रे असलेली दोन पुस्तके १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाचा विषय लेणी, तर दुसऱ्यात वास्तूंबरोबर पश्चिम भारतातील निसर्गालाही स्थान आहे. वास्तू व निसर्ग एकाच बासनात बांधण्याची ही सवय छायाचित्रणाच्याही आधीची असावी. चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने केलेल्या वेरूळच्या मुद्राचित्रांत (१८०३) ती दिसतेच.

जिलेटिनच्या कोरड्या काचा १८७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या आणि तंबू सुटला. हेन्री कझेन्सने पुरातत्त्व खात्यासाठी केलेले काम या पुढच्या टप्प्यातले. डोंगरी किल्ल्यांकडे कॅमेरा पद्धतशीरपणे बराच उशिरा वळला. किल्ल्यांच्या हवाई छायाचित्रणात गोपाळ बोधे यांचे काम उल्लेखनीय आहे.

तंत्राच्या दृष्टीने स्थळाची दिशा निर्णायक ठरते. वेरूळचा कैलास पश्चिमाभिमुख व खोल खाणलेला असल्याने सकाळी गेलेल्याच्या पदरी दर्शनी भागावर सावलीच येते. दुपारनंतर तो उजळतो. संपूर्ण आराखडा हवा असल्यास वरच्या कड्यावरून चित्र घेतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणाऱ्या इंद्रवज्रासाठी सूर्य पाठीशी व समोर दरीत धुके, असा योग जुळावा लागतो. हे गोलाकार इंद्रधनुष्य कर्नल साइक्सने १८३५ मध्ये नोंदविल्याचे सांगतात.

संरक्षित स्मारकांबाबत प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा व त्याखालील १९५९ चे नियम लागू आहेत. हातात धरायचा कॅमेरा आणि तिपाई किंवा कृत्रिम प्रकाश लावून केलेले काम यांत व्यवहारात फरक केला जातो. दुसऱ्यास परवानगी लागते. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत फ्लॅश वापरू देत नाहीत.