व्हॅक्यूमच्या नळ्या: कुठली कुठे, आणि का?

१९८० च्या दशकातल्या, अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटा पिकअपचं बॉनेट उघडलं की २२-आर इंजिनाच्या कार्बुरेटरभोवती (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाभोवती) बारीक काळ्या रबरी नळ्यांचं जंजाळ दिसतं. जुन्या गाड्यांचे शौकीन ते पाहून हमखास म्हणतात, ‘हे सगळं प्रदूषणवाल्यांचं लचांड आहे, उपटून टाका, ताकद वाढेल.’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. यातल्या बऱ्याच नळ्या इंजिनावर किती भार आहे, याची खबर वाहून नेत असतात.

ही खबर म्हणजे व्हॅक्यूम, बाहेरच्या हवेपेक्षा कमी असलेला दाब. तो स्वतः काहीच ओढत नाही. शहाळ्याचं पाणी स्ट्रॉमधून वर येतं ते बाहेरची हवा ढकलते म्हणून, इथेही तेच. पिस्टन खाली जाताना हवा आत यायला बघते, पण थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी, चकती वाट अडवते, आणि चकतीखालच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळकांड्यात, दाब उतरतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा, हे आपण शाळेत शिकलो. आयडलिंगला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, मॅनिफोल्डमधला दाब त्याहून साधारण ४५० ते ५०० मिलिमीटरने कमी असतो. नळीच्या टोकाला ६ सेंटीमीटर व्यासाचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) असेल, तर ५०० मिलिमीटरच्या फरकाने त्यावर सुमारे १९ किलोचा जोर येतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की चकती उघडते आणि हा जोर जवळपास नाहीसा होतो.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. कार्बुरेटरवर नळी जोडायची तोंडं दोन प्रकारची असतात. एक चकतीच्या खाली: तिथे मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम थेट मिळतो. दुसरं असतं बंद चकतीच्या कडेपेक्षा किंचित वर. आयडलिंगला हे छिद्र बाहेरच्या हवेच्या बाजूला राहतं, म्हणून तिथे व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच. पाय जरासा दाबला की चकतीची कड वर सरकत छिद्र ओलांडते, छिद्र इंजिनाच्या बाजूला येतं आणि व्हॅक्यूम एकदम चालू होतो. याला पोर्टेड व्हॅक्यूम म्हणतात. ना सेन्सर, ना वायर; छिद्र नेमकं कुठे पाडलं, एवढ्यावर सगळा निर्णय!

ईजीआर व्हॉल्व, म्हणजे धूर परत फिरवणारी झडप, घ्या. तो थोडा धूर परत सिलिंडरमध्ये सोडून ज्वलनाचं तापमान उतरवतो, कारण साधारण १३७० अंश सेल्सिअसच्या वर हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन झपाट्याने जुळून विषारी ऑक्साइड बनतात. या व्हॉल्वला पोर्टेड नळी हवी. ती चुकून मॅनिफोल्डला लागली तर आयडलिंगलाच धूर आत शिरतो आणि इंजिन थरथरून बंद पडतं.

स्पार्क प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं गणित आणखी सुंदर आहे. हलक्या भारावर सिलिंडरमधला भरणा विरळ असतो, ज्योत हळू पसरते, म्हणून ठिणगी आधी पडायला हवी. ३००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो. १० अंश आधी म्हणजे जेमतेम अर्धा मिलिसेकंद. व्हॅक्यूम वाढला की डायफ्रॅम दांडी ओढून ठिणगीची वेळ ठरवणारी प्लेट त्या प्रमाणात फिरवतो. चढावर पाय दाबला की व्हॅक्यूम पडतो, टाइमिंग (ठिणगीची वेळ) मागे येतं आणि नॉकिंग, म्हणजे अवेळी ज्वलनाने होणारी ठकठक, टळतं. ही नळी उपटली की सपाट रस्त्यावर विनाकारण जास्त पेट्रोल जळतं. मग तीच मंडळी पेट्रोलच्या पाइपला ‘मायलेज मॅग्नेट’ बांधतात! पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा ज्वलन बदलेल इतका परिणाम होत नाही. ही निव्वळ फसवणूक आहे.

ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरची जाड नळी मात्र थेट मॅनिफोल्डला जाते, एकेरी व्हॉल्वमधून. आपल्याकडच्या जुन्या डिझेल जीपमध्ये हवा अडवणारी थ्रॉटलची चकतीच नसते, म्हणून तिथे बऱ्याचदा आल्टरनेटरच्या मागे वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलेला दिसतो.

नळ्या बदलायच्या तर एका वेळी एकच काढा, नवी लावा, मग पुढची. बॉनेटखालचं नळ्यांच्या नकाशाचं स्टिकर शाबूत असेल तर त्याचा फोटो आधी काढून ठेवा. दुसऱ्या गाडीचा नकाशा चालेलच असं नाही; त्याच मॉडेलच्या कॅलिफोर्नियासाठीच्या गाडीत नळ्यांची मांडणी वेगळी असू शकते. वापरात नसलेल्या तोंडावर रबरी टोपी घट्ट बसवा. चकतीखालचं एखादं तोंड उघडं राहिलं, तर कार्बुरेटरने न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि जेटचा स्क्रू कितीही फिरवला तरी आयडलिंग जागेवर येत नाही.