एक आकडा इकडचा तिकडे

बिल करताना ग्राहकाचा जीएसटी क्रमांक टाकावा लागतो. पंधरा चिन्हं. घाईत 58 च्या जागी 85 पडलं तर कळतही नाही, पण नोंद एकदा सेव्ह झाली की चूक थेट रिटर्नपर्यंत जाते. समोरच्या व्यापाऱ्याचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकतं आणि मग फोनाफोनी सुरू. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर सेव्ह करण्याआधीच क्रमांक तपासतं. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढची दहा चिन्हं पॅनची, आणि पंधरावं चिन्ह आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं.

हे गणित बँकेच्या कार्डावर जास्त सोपं दिसतं. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी त्याच्या पेटंटसाठी 1954 मध्ये अर्ज केला होता. एकाआड एक आकडा दुप्पट करायचा, उत्तर दोन अंकी आलं तर ते अंक मिळवायचे. सगळ्यांच्या बेरजेला 10 ने पूर्ण भाग गेला पाहिजे. समजा 5 आणि 8 शेजारी आहेत आणि दुसरा दुप्पट होतो. 8 चे 16, म्हणजे 7. पाच मिळवून 12. अदलाबदल झाली तर 5 चे 10, म्हणजे 1. आठ मिळवून 9. बेरीज बदलली, चूक सापडली. 09 चं 90 झालं तर मात्र दोन्हीकडे 9 च येतात! डच गणितज्ञ याकोबुस व्हरहूफ यांच्या 1969 च्या पद्धतीतून शेजारच्या आकड्यांची कुठलीच अदलाबदल सुटत नाही. आपल्या आधारचा बारावा आकडा त्याच पद्धतीने येतो.

अर्थात गणित जुळलं तरी क्रमांक त्याच ग्राहकाचा आहे का, हे जीएसटी पोर्टलवरच पाहावं लागतं.

माझ्या एका प्रोग्रॅममध्ये एकाच बिल क्रमांकाची दोन बिलं निघाली होती. ‘हा क्रमांक आधी वापरलाय का?’ हे तपासून मगच सेव्ह करायचं, असं मी लिहिलं होतं. पण दोन काउंटरवरून एकाच क्षणी विचारणा झाली, दोघांनाही ‘नाही’ असं उत्तर मिळालं आणि दोन्ही बिलं सेव्ह झाली. हे रोखायचं तर डेटाबेसच्या टेबलवरच त्या रकान्याला ‘युनिक’ची अट घालावी लागते. मग दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारतो.

मात्र घातलेली प्रत्येक अट पाळली जातेच असं धरून चालू नका. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘चेक’ची अट (उदाहरणार्थ, रक्कम उणे नसावी) कित्येक वर्षं लिहिता यायची, एररही येत नसे, पण ती लागूच होत नसे. 2019 च्या 8.0.16 आवृत्तीपासून ती पाळली जाऊ लागली. तुमच्याकडे जुना सर्व्हर असेल तर टेस्टच्या डेटाबेसमध्ये अशी अट घालून उणे रकमेचं एक बिल मुद्दाम टाकून बघा.