कानबाईची रात्र, एफ १.२ ची जुनी लेन्स आणि दिव्याभोवतीचा तो धूर

श्रावणात नागपंचमी झाल्यावरच्या रविवारी यावल तालुक्यात माझ्या मावशीकडे कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, बसते. रात्रभर बाया अहिराणी गाणी म्हणतात, देवीपुढे समया आणि निरांजनं तेवत असतात, आणि त्या खोलीत ट्यूबलाईट लावायची नाही हा मावशीचा नियम आहे. गेल्या वर्षी मी जळगावच्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांची ५५ एमएमची एफ १.२ लेन्स मागून नेली होती, पूर्ण मेटलची, हातात घेतली की वजनाच्या मापासारखी जड, आणि अ‍ॅडाप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर बसवली. रात्री मागच्या स्क्रीनवर मावशीला पहिला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "हाई काय शे रे भाऊ, फोटूमा धूर कसाले दिसस?"

खोलीत धूर नव्हताच. प्रत्येक ज्योतीभोवती एक मऊ पांढरट वलय होतं, मावशीच्या चेहऱ्यावर पण मलमलचं कापड धरल्यासारखं. हा धूर लेन्समधला आहे, आणि ज्या कारणाने ही लेन्स अंधारात फोटो काढू शकते नेमक्या त्याच कारणाने तो येतो, म्हणून त्यावर नीट लिहायचं ठरवलं.

आधी उजेडाचा हिशेब. एफ नंबर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले प्रकाश आत यायच्या भोकाचा व्यास. ५५ ला १.२ ने भागा, ४६ एमएम, म्हणजे छोट्या वाटीच्या तोंडाएवढं भोक. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ किट लेन्स ५५ ला एफ ५.६ वर असते, तिचं भोक जेमतेम १० एमएम, हरभऱ्याएवढं. उजेड व्यासाच्या वर्गाने वाढतो म्हणून फरक जवळजवळ २२ पट. त्या रात्री मला एफ १.२ वर १/६० सेकंद मिळत होतं, किट लेन्सवर त्याच आयएसओला (म्हणजे सेन्सर किंवा फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्या आकड्याला) सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वेळ लागला असता, आणि गाणाऱ्या बाईचा चेहरा तेवढा वेळ कुठे स्थिर राहतो.

आज आयएसओ ६४०० सहज लावता येतो, पण १९५०च्या दशकात फिल्म फार मंद होती, कोडॅकची ३५ एमएमची ट्राय-एक्स फिल्म १९५४ ला आली तेव्हा ती आयएसओ २०० च्या तोडीची होती आणि तीच वेगवान म्हणायची, त्यामुळे उजेड वाढवायचा तर काच मोठी करणं हाच रस्ता उरायचा. जपानी कंपन्यांची त्यात चुरस लागली, झुनोची एफ १.१, निकॉनची एफ १.१, आणि १९६१ ला कॅननने ५० एमएम एफ ०.९५ आणली, जिला लोक आजही ड्रीम लेन्स म्हणतात. ती इतकी रुंद होती की कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरचा एक कोपरा तिनेच झाकला जायचा. जर्मनीच्या झाईसने तर १९६६ मध्ये नासासाठी एफ ०.७ बनवली, फक्त १० नग.

आता धुराकडे येऊ. लेन्सच्या काचेचे पृष्ठभाग गोलाचे तुकडे असतात कारण गोल पृष्ठभाग घासायला सोपा. पण त्यात एक खोट आहे, मधून जाणारे किरण एका ठिकाणी एकत्र येतात आणि कडेचे किरण जास्त वाकून थोडे अलीकडेच एकत्र येतात. याला गोलीय विपथन म्हणतात, स्फेरिकल अ‍ॅबरेशन. मग सेन्सरवर ज्योतीचा काय ठसा पडतो? मधल्या किरणांचा टोकदार ठिपका, आणि त्याभोवती कडेच्या किरणांचा पसरलेला फिकट डाग. तोच मावशीचा धूर. म्हणजे चित्र खरं तर शार्पच आहे, फक्त त्याच्यावर एक अस्पष्ट चित्र चढवलंय, म्हणून चेहरा मऊ दिसतो पण पापणीचा केस पण दिसतो. नुसत्या फोकस गेलेल्या फोटोत असं होत नाही, मला तरी या लेन्सचं सगळं वेड इथेच वाटतं.

ढोबळमानाने हा डाग भोकाच्या व्यासाच्या घनाने वाढतो. एफ १.२ वरून एफ २.४ वर या, व्यास निम्मा, डाग आठपट लहान, आणि फोटो एकदम कडक. पण उजेड पण चौपट कमी! ज्या कडेच्या काचेने उजेड आणला त्याच कडेने धूर आणला, एक ठेवून दुसरं टाकता येत नाही, निदान गोल पृष्ठभागांच्या काळात येत नव्हतं. अस्फेरिकल, म्हणजे पृष्ठभाग गोलाचा तुकडा नसलेली, काच वापरून हे बरंच कमी करता येतं, १९६६ च्या लायका नॉक्टिलक्स एफ १.२ मध्ये तेच केलं होतं, पण ती काच घासणं अवघड आणि महाग होतं.

धुराला आणखी एक कारण म्हणजे परावर्तन. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के उजेड मागे फेकतो, असे १० पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश उजेड गेला, आणि त्यातला काही आतल्या आत आपटून सेन्सरवर धुरकटपणा आणतो. जुन्या लेन्सला कोटिंग असतं पण बऱ्याचदा एकाच थराचं, त्यामुळे समई फ्रेममध्ये घेतली की दुसऱ्या कोपऱ्यात हिरवट भूत, म्हणजे ज्योतीचं फिकट प्रतिबिंब, उमटतं.

फोकसची गोष्ट वेगळीच. १ मीटरवर या लेन्सने स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण २ सेंटिमीटर. नथीवर फोकस केलं की डोळा गेला, आणि ऑटोफोकस नाही, हाताने रिंग फिरवायची, समोरची बाई गाताना पुढे-मागे डोलतेय. त्या रात्री काढलेल्या २०० फोटोंतले ३० धड आले. कडेला बघाल तर दिव्यांचे ठिपके गोल नसून मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होतात, कारण तिरपे येणारे किरण लेन्सच्या नळीनेच कापले जातात. पाचपन्नास माणसांचा घरचा ग्रुप फोटो या लेन्सने पूर्ण उघडी ठेवून काढू नका, कडेचे काका-काकू ओळखू येणार नाहीत.

विकत घ्यायची असेल तर टॉर्च मारून आत बघा, जाळ्यासारखी फंगस किंवा दुधाळ थर दिसला तर सोडा. त्या काळातल्या काही लेन्समध्ये थोरियम ऑक्साईडची काच असते, ती प्रकाश जास्त वाकवते आणि रंग कमी पसरवते म्हणून वापरायचे, पण थोरियमच्या किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षांत चहासारखी पिवळी पडते. अतिनील (यूव्ही) प्रकाशाने तो पिवळेपणा बराच उतरतो. आपल्याकडे ऊन भरपूर, पण मे महिन्यात ४५ डिग्रीत लेन्स गच्चीवर ठेवू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे भोक लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांवर येतं, शिवाय भिंगाने आग लागू शकते. यूव्ही एलईडीखाली काही दिवस ठेवलेली बरी.

मावशीला मग एफ २.८ वर, आयएसओ वाढवून काढलेला फोटो दाखवला. धूर गेला होता, ज्योती टोकदार, मागच्या भिंतीवरचा पंखा आणि कॅलेंडर पण स्पष्ट. तिने दोन्ही बघितले आणि धुराचा मोठा करून मागितला, तो आता कानबाईच्या कोनाड्याशेजारी लावलाय.