लग्नाचा दिवस आखताना शूटिंगसाठी आधी काय ठरवावं

पत्रिकेवर छापलेली अक्षतेची वेळ सोडली तर लग्नाच्या दिवशी बाकी सगळ्या वेळा पुढे-मागे होतात. म्हणून आखणी अक्षतेपासून उलटी करत या.

समजा, अक्षता दुपारी १२:३५ ला आहे. नवरा-नवरी १२:२० ला स्टेजवर हवीत. त्याआधी गौरीहर, मामाने नवरीला आणणं, हार-मुंडावळ्या यांत अर्धा तास जातो. दोघांचे निवांत फोटो आणि थोडं शूट हवं असेल तर ११ ते ११:४५ मोकळे ठेवा, म्हणजे नवरी ११ ला तयार हवी. मेकअप, केस, नऊवारी आणि दागिने मिळून तीन तास लागतात. मेकअप करणाऱ्या ताई ८ ला कामाला लागल्या पाहिजेत. हळद त्याच सकाळी ठेवली तर ती ६ ला सुरू करावी लागेल, कारण अंघोळीनंतर केस वाळायला लागणारा वेळ कुणीच धरत नाही. हळद आदल्या संध्याकाळी उरकावी, असंच आम्ही सुचवतो.

सगळ्यात जास्त वेळ परण्यात, म्हणजे नवरदेवाच्या वाजतगाजत मिरवणुकीत जातो. मारुतीच्या देवळापासून कार्यालयाच्या दारापर्यंतचं अंतर दहा मिनिटांचं असलं तरी बँजोपुढे नाचणारी मंडळी पाऊण तास सहज घेतात. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात नवरदेव घामाने भिजतो आणि तसाच स्टेजवर येतो. दोघांचे फोटो ११ ला हवे असतील तर परण्या १० च्या आत निघू द्या. दारात पोचल्यावर तोंड धुऊन, पंख्याखाली बसायला दहा मिनिटं ठेवा.

अक्षतेचा क्षण

अंतरपाट दूर होतो, हार पडतात, वाजंत्री सुरू होते. हे सगळं काही सेकंदांत संपतं. तो क्षण पुन्हा करता येत नाही आणि आम्ही करायलाही लावत नाही. तो हुकतो तो बहुतेक वेळा गर्दीमुळे. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की मामा, करवल्या, मित्र सगळे मोबाईल वर करून पुढे झुकतात आणि कॅमेऱ्याला फक्त पाठी दिसतात. उपाय सोपा आहे: स्टेजवर कोण उभं राहणार, ती आठ-दहा नावं आधी ठरवा, सगळ्यांना जोडप्याच्या मागे उभं करा आणि पुढची चार फूट जागा रिकामी ठेवा. हे सांगण्याचं काम घरच्या एखाद्या खमक्या काकांकडे द्या. आम्ही सांगितलेलं पाहुण्यांना खटकतं, काकांचं ऐकतात. कागदाचे ब्लास्टर हार घालून झाल्यावरच उडवू द्या, नाहीतर चेहऱ्यांसमोर कागदच दिसतात.

मंगळसूत्राच्या वेळी हार, गजरा आणि मदतीला वाकलेल्या बायका यांत नवरीचा गळाच दिसत नाही. एक करवली ठरवून ठेवा. तिने गजरा बाजूला धरायचा आणि कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूने उभं राहायचं.

पद्मशाली घरांत मुहूर्त जिरं-गुळाचा असतो, नवरा-नवरी ते एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात, त्यामुळे कॅमेरा उंचावर लागतो. लिंगायत पद्धतीचा क्रम वेगळा. तुमच्या घरचा क्रम गुरुजींकडून किंवा स्वामींकडून लिहून घ्या आणि आम्हाला आठ दिवस आधी पाठवा.

आवाज

कॉलर माइक आम्ही गुरुजींच्या उपरण्याला लावतो. नवरदेवाला लावला तर हाराची फुलं त्यावर घासतात आणि सप्तपदीभर खरखर येते. दुसरा शत्रू म्हणजे जंबो कूलर. वेदीजवळचा कूलर होमाच्या वेळी बंद ठेवा. त्याच्या घरघरीत मंत्र बुडतात आणि वाऱ्याने धूरही नवरीच्या डोळ्यांत जातो. लांबचे कूलर चालू राहू द्या. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्या-मावशींच्या माइकचा एको साउंडवाल्याला कमी करायला सांगा, आणि त्याच्या मिक्सरमधून आम्हाला एक वायर घेऊ द्या.

उजेड

स्टेजवरचे जांभळे-निळे पार लाइट (रंगीत फोकस दिवे) अक्षतेच्या वेळी बंद हवेत. निळ्या उजेडात लाल शालू काळा दिसतो आणि एडिटिंगमध्येही तो लाल होत नाही, कारण कॅमेऱ्यात लाल रंग नोंदलेलाच नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की साध्या दिव्यांची फडफड टळते. हलक्या प्रतीचे एलईडी आणि एलईडी वॉल मात्र आपल्याच वेगाने लुकलुकतात आणि चित्रात आडवे पट्टे येतात. डेकोरेशनवाल्याचा नंबर द्या, आदल्या दिवशी तपासून घेऊ.

दिवसाच्या हळदीला डोक्यावरचं कापड पांढरं किंवा मोतिया असू द्या. हिरव्या जाळीखाली सगळ्यांचे चेहरे हिरवट पडतात. पडदाही पिवळा, कपडेही पिवळे असं झालं तर हळद वेगळी उठून दिसत नाही. मागे पानांची किंवा पांढऱ्या फुलांची सजावट करा.

बाहेरच्या फोटोंसाठी सूर्यास्ताआधीचा तास उत्तम. मेमध्ये सूर्य पावणेसातनंतर मावळतो, डिसेंबरमध्ये सहाच्या आत. गोरज मुहूर्त असेल तर तो तास विधींतच जातो, तेव्हा हे फोटो दुपारी सावलीत उरकावे लागतात.

ड्रोन

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. शहरातली बरीच कार्यालयं या टप्प्यात येतात, म्हणून ठिकाण कळल्याशिवाय आम्ही ड्रोनचा शब्द देत नाही. रात्री १० नंतर वरातीचे लाउडस्पीकरही बंद करावे लागतात. वरात ८ ला निघाली तर शूट नीट होतं.

फुटेज

फोरकेमध्ये सेकंदाला १०० मेगाबिटने एका तासाचं शूट ४५ जीबी होतं. सगळं कच्चं फुटेज हवं असेल तर पेनड्राइव्ह पुरणार नाही, किमान १ टीबीची हार्ड डिस्क आणा. तयार फिल्म पेनड्राइव्हवर देतो. जुन्या टीव्हीला कधी कधी फक्त फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचता येतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून घरचा टीव्ही कोणता ते बुकिंगच्या वेळीच सांगा. तशी फिल्म भागांत करून देऊ.