खुलासा: कट्टर पर्यावरणवाद्यांना माणूस नकोच असतो?

जळगाव-धुळ्याकडे टपरीवर सातपुड्याचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं: ‘कट्टर पर्यावरणवाद्यांना झाड हवं, माणूस नको. अन् त्यांचं आपसातही पटत नाही.’ दुसरं बऱ्यापैकी खरं. पहिलं नाही.

या कट्टर विचाराच्या तीन धारा बघू. पहिली ‘सखोल पर्यावरणवाद’, नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी १९७३ मध्ये मांडलेली. पुढे १९८४ मध्ये त्यांनी अमेरिकी तत्त्वज्ञ जॉर्ज सेशन्ससोबत या विचाराची आठ सूत्रं लिहिली. पहिलंच सूत्र सांगतं, माणूस आणि इतर जीव, दोघांच्याही भरभराटीला स्वतःचं मोल आहे. (नेस गांधींचे अभ्यासक होते, हे टपरीवर कुणी सांगत नाही.) गैरसमजाचं मूळ आहे चौथ्या सूत्रात, लोकसंख्या घटावी असं म्हणणाऱ्या. त्यात भर म्हणजे हाच विचार मानणाऱ्या अमेरिकेतल्या कार्यकर्त्या डेव्ह फोरमननी इथिओपियाच्या उपाशी लोकांबद्दल निष्ठुर विधान केलं. नंतर त्यांनी खेदही व्यक्त केला.

दुसरी धारा सामाजिक पर्यावरणवादाची. ती मांडणारे अमेरिकी विचारवंत मरे बुकचिन १९८७ मध्ये सखोलवाल्या मंडळींवर तुटून पडले. त्यांच्या मते निसर्गावरची हुकमत माणसानं माणसावर गाजवलेल्या हुकमतीतून येते. तिसरी धारा, स्त्रीवादी पर्यावरणवाद, पुरुषसत्तेकडे बोट दाखवते. पण निसर्ग हा नुसता कच्चा माल नाही, हे तिन्ही धारांना मान्य. अमर्याद आर्थिक वाढीवर आणि वरून लादलेल्या निर्णयांवरही तिघींचा अविश्वासच.

आपल्याच नंदुरबारातलं मणिबेली गाव घ्या. सरदार सरोवराच्या पाण्यात तिथं घरं गेली, शेतं गेली, नदीकाठही गेला. तिथं झाडाची बाजू वेगळी आणि माणसाची वेगळी कशी काढणार?